तिर्बिन थांबेपर्यंत सहा कडवी

देवराज दर शनिवारी दुपारी एका लोखंडी टोपलीसमोर उभा राहून गणपतीचा गण म्हणायचा. पूजा म्हणून नव्हे. टोपली थांबायला किती वेळ लागतो ते मोजण्यासाठी.

आमची साखरेची गिरणी आमच्या बेटावरच्या सांत्र द फ्लाक गावाच्या बाजूला होती. तिचं नाव लिहीत नाही. मी तिच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली आणि येत्या जूनला घरी बसेन. देवराज माझ्या दोन वर्षं आधीच, १९६६च्या कुपानंतर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, निवृत्त झाला. तो गिरणीत पंचवीस वर्षं तिसऱ्या तिर्बिनवर होता.

तिर्बिन म्हणजे भोकं असलेली मोठी टोपली. ती वरच्या तुळईला एका दांड्यावर टांगलेली असते आणि तिच्याभोवती लोखंडी पिंप असतं. उसाचा रस आटवून केलेली दाट राब टोपलीत सोडायची आणि टोपली जोरात फिरवायची. मळी भोकांतून पिंपात उडते, साखर आत चिकटून राहते. राब सगळ्या बाजूंनी सारखी पसरावी लागते. एका अंगाला जास्त पडली की टोपली डुलू लागते. देवराजची टोपली डुलत नसे. नवे कामगार त्याच्याकडे शिकायला पाठवत. तो त्यांना काही शिकवत नसे, फक्त म्हणे, "बघ आणि गप राहा."

शनिवारी गिरणी थांबली की तिर्बिन धुऊन, रिकामं फिरवून, ब्रेक न लावता सोडून द्यायचं अशी रीत होती. आपोआप थांबेपर्यंत बाकीचे कामगार पाय पसरून बसत. देवराज गण म्हणे. आमच्या वस्तीत चतुर्थीला झाकरीचा नाच होतो. मध्ये ढोलकीवाला बसतो, भोवती पायात चाळ बांधलेल्यांचा फेर फिरतो. त्या फेराचा पुढारी देवराज, आणि मधला ढोलकीवाला त्याचा मेहुणा इंद्रदेव, धाकट्या बहिणीचा, कुंतीचा नवरा. इंद्रदेवच्या ठेक्यावर इतकी वर्षं नाचल्यामुळे देवराजच्या तोंडात ती लय पक्की बसली होती. टोपली थांबेपर्यंत त्याची सहा कडवी होत. दर शनिवारी सहा.

१९५७च्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी, तिसऱ्या तिर्बिनची भरलेली टोपली फिरता फिरता कलली आणि पिंपावर आदळली. पिंपावरचं जड झाकण उडालं. समोरच्या बाजूला पाण्याची नळी धरून इंद्रदेव उभा होता; साखरेवर पाणी मारणं हे त्याचं काम. झाकण त्याच्या उजव्या हातावर पडलं. तीन बोटं गेली, आणि उरलेल्या दोन बोटांना जोर राहिला नाही.

शेफनं, म्हणजे आमच्या मुकादमानं, त्याच दुपारी मला लिहायला सांगितलं: राब एका बाजूला जास्त भरली गेली. मी लिहिलं. अशा वेळी हेच लिहायची पद्धत होती.

देवराजची बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. रात्रीचं जेवण तो कुंतीकडे करी. त्या मंगळवारी तो इस्पितळातून थेट तिच्या दारात गेला. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच, मधे फक्त एरंडाचं कुंपण. कुंती दारातच उभी होती.

"दादा, एकच सांग. तू वाकडी भरलीस का?"

"नाही भरली."

"शेफ म्हणतो भरलीस."

"शेफ तिथं नव्हता."

"मग त्यांचा हात असाच गेला? वाऱ्यानं?"

तिनं दार लावलं नाही, पण ती बाजूलाही झाली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि आपल्या खोलीवर गेला. त्या रात्रीपासून तो स्वतःपुरता भात शिजवू लागला.

गिरणीच्या मॅनेजर साहेबांनी चौकशी पुढच्या गुरुवारी ठेवली. देवराजला तिर्बिनवरून काढून शेतावर पाठवणार हे सगळे धरून चालले होते. त्याला त्याचं फारसं वाटत नव्हतं. ऊस तोडतच तो मोठा झाला होता. मला एकदा म्हणाला, "शेतात तर शेतात. पण कुंती मला जन्मभर असंच दारात उभं करील."

मधल्या रविवारी तो बैठकेत आला. बैठका म्हणजे आमच्या समाजाची पत्र्याची खोली. तिथं सकाळी मुलांना मराठी शिकवत आणि मी चिटणीस म्हणून हजेरी लिही. शिकवायला चंद्रमोहन मास्तर. आठवडाभर ते फ्लाकच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि रविवारी इथं बाराखडी. मुलं गेल्यावर देवराज मागच्या बाकावरून उठून पुढच्या बाकावर येऊन बसला.

"मास्तर, एक विचारू? हसू नका."

"विचारा ना, देवराजकाका."

"झाकरीचा फेर चाललाय. कोणतरी अडखळतंय. चूक माणसाची की जमिनीची, कसं ओळखाल?"

मास्तर म्हणाले, "मी कधी नाचलो नाही. तुम्हीच सांगा."

"माणसाची असली तर अडखळणं त्याच्या संगतीनं फिरतं. आता देवळाकडं, मग आंब्याखाली, मग नळाजवळ. जमिनीत खड्डा असला तर तिथं येईल तो अडखळतो, आणि बाकी कुठंच कोणी नाही."

"बरोबर."

"मी काल जाऊन तिर्बिन बघितलं. टोपलीची कड चौफेर घासून चकाकते. पण पिंपाच्या आतल्या अंगाला वीतभरच जागा घासलेली आहे, समुद्राच्या बाजूला. बाकी पिंप काळं ते काळंच. राब मी वाकडी भरली असती तर जड बाजू टोपलीबरोबर फिरली असती. टोपली एकाच जागी घासली असती आणि पिंप चौफेर. इथं उलटं आहे. खड्डा जमिनीत आहे, मास्तर. माझ्या हातात नाही."

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. "काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार?"

मग मास्तर जे बोलले ते मी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं होतं. मी व्यापारी परीक्षा दिलेला माणूस, भौतिकशास्त्र मला येत नाही. म्हणून जसं ऐकलं तसंच लिहितो.

मास्तर म्हणाले, निसर्गाला सगळ्या दिशा सारख्या आहेत. उत्तर त्याची लाडकी नाही आणि दक्षिण नावडती नाही. एखादी वस्तू फिरती केली आणि तिच्याभोवती कोणत्याच दिशेनं फरक केला नाही, तर तिचं फिरणं तिच्याजवळच राहतं. कमी होत नाही, वाढत नाही. ते कमी झालं तर समजायचं की बाहेरच्या कशानं तरी ते घेतलं. एका जर्मन बाईनं चाळीसेक वर्षांपूर्वी हे गणितानं सिद्ध केलं, आणि नुसतं फिरण्याचंच नव्हे. जिथं जिथं निसर्ग फरक करत नाही, तिथं तिथं काहीतरी टिकून राहतं. दिशा सारख्या, म्हणून फिरणं टिकतं. जागा सारख्या, इथला नियम तोच फ्लाकचा आणि तोच पोर्ट लुईचा, म्हणून सरळ जाणाऱ्या वस्तूचा वेग आणि वजन मिळून जो रेटा होतो तो टिकतो. काल आणि आज सारखे, नियम दिवसागणिक बदलत नाहीत, म्हणून ऊर्जा टिकते.

देवराजनं मान हलवली. "दिवस सारखे म्हणून ऊर्जा टिकते?"

"हो."

"माझे सगळे दिवस सारखेच जातात, मास्तर. माझी का संपते?"

मास्तरांना हसू आलं, पण देवराज हसत नव्हता. तेव्हा ते म्हणाले, "संपत नाही, काका. तुमच्यातून जाते आणि दुसऱ्या कशात तरी राहते. साखरेत जाते, पायऱ्या चढण्यात जाते, घामाच्या उष्णतेत जाते. सगळं एकत्र मोजलं तर तेवढंच भरतं."

"सगळं एकत्र कोण मोजतो?"

"कोणी नाही."

"तेच म्हणतो," देवराज म्हणाला.

मी म्हटलं, "पण मास्तर, फिरणं टिकतं तर तिर्बिन शनिवारी थांबतं कसं?"

"बेअरिंगात घासतं ना. तिथून थोडं थोडं फिरणं तुळईला जातं, तुळईतून भिंतीला, भिंतीतून जमिनीला. पण घासणं दर वेळी तेवढंच असेल तर थांबायला दर वेळी तेवढाच वेळ लागायला हवा. एखाद्या दिवशी लवकर थांबलं तर निसर्ग बदलला असं म्हणायचं नाही. नवीन काहीतरी चिकटलंय, ते शोधायचं." मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "काका, तुमची खूण चांगली आहे, पण साहेब म्हणतील की ती मंगळवारच्या त्या एका धक्क्यानंच पडली. ती जुनी आहे हे कसं दाखवणार?"

देवराजनं बाकाच्या फळीवर बोटांनी ठेका धरला. बाहेर कोणाची तरी सायकल गेली. मग तो म्हणाला, "कडवी."

"म्हणजे?"

त्यानं शनिवारचा गण सांगितला. नेहमीची सहा कडवी. तीन शनिवारांपूर्वी साडेपाच. त्याच्या पुढच्या शनिवारी पाच. आणि अपघाताच्या आधीच्या शनिवारी चारच.

मास्तर उठून उभे राहिले. "अहो, हाच तर पुरावा! दर आठवड्याला कोणीतरी जास्त फिरणं घेत होतं. आणि तुम्ही मोजून ठेवलंय!"

देवराज बसूनच राहिला. मास्तरांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे तुम्हाला तीन आठवडे माहीत होतं."

"माहीत होतं."

"कोणाला सांगितलंत?"

"शेफला. पहिल्या शनिवारी. तो म्हणाला, इसी मुलँ सा, पा बैठका."

ही गिरणी आहे, बैठका नाही. शेफच्या तोंडी असलं काही नेहमीच असे.

"आणि नंतर?"

"नंतर नाही सांगितलं. पुन्हा तेच ऐकायचा कंटाळा आला, मास्तर. इंद्रदेवला पण नाही सांगितलं. तो समोरच उभा असायचा."

मास्तर खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "खूण दाखवा. नुसत्या खुणेवर कदाचित भागेल. कडव्यांचं सांगायलाच हवं असं नाही."

देवराजनं त्यांच्याकडे बघितलं नाही. टोपी घेतली आणि निघून गेला.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं होतो: साहेब, शेफ, देवराज आणि लिहायला मी. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना घाई असे, एवढंच. देवराजनं खुणेचं सांगितलं. साहेबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मास्तर म्हणाले होते तेच म्हणाले: खूण त्या धक्क्याची असेल. जुनी असल्याचा काही पुरावा?

देवराजचे हात पाठीमागे होते. माझ्या टेबलावरून मला ते दिसत होते. डाव्या हातानं त्यानं उजव्या हाताची तीन बोटं घट्ट धरली होती. बहुतेक त्याला स्वतःलाही ते माहीत नसावं.

"आहे," तो म्हणाला, आणि त्यानं कडव्यांचं सांगितलं.

शेफ हसून साहेबांना म्हणाला, "मिस्ये, हा गाणं म्हणून मशीन मोजतो. घाई असली की गाणं भरभर म्हणतात. झाली चार कडव्यांची सहा."

साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं. "म्हण."

"इथं?"

"एक कडवं."

देवराज उभ्या उभ्या गायला. खोलीत आमच्या गणपतीचा गण, समोर फायलींचं कपाट, आणि साहेबांची नजर घड्याळावर. मी मान खाली घातली. एक्केचाळीस सेकंद.

"आंकोर." पुन्हा.

एक्केचाळीस.

"आंकोर."

तिसऱ्या वेळी त्याचा आवाज मधेच फाटला, पण लय तुटली नाही. बेचाळीस. साहेबांनी घड्याळ खिशात घातलं. शेफ आता हसत नव्हता.

"पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"अपघाताच्या आधी तीन शनिवार."

"कोणाला सांगितलंस?"

"शेफला."

"किती वेळा?"

"एकदा."

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं: एकदा.

दुपारी तिसऱ्या तिर्बिनचा वरचा भाग उघडला. दांडा ज्या रबरी गादीवर टेकलेला असतो ती गादी समुद्राच्या बाजूला वाळून तडकली होती. त्याच बाजूनं वाफेची एक नळी जात होती, आणि तिच्या सांध्यातून महिनोन् महिने बारीक वाफ रबरावर येत होती. गादी त्या अंगानं खचत गेली, टोपली तिकडे झुकत गेली, पिंपाला घासू लागली, आणि एक दिवस आदळली. बाकीच्या तिर्बिनांना त्या बाजूला नळी नव्हती. मी नवा अहवाल टाइप केला. भरण्यात दोष नाही. देवराज होता तिथंच राहिला. शेफला कोणी काही बोललं नाही. वाफेचा सांधा दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. अर्ध्या तासाचं काम.

संध्याकाळी मी कुंपणाशी पपईला टेकू देत होतो. देवराज कुंतीच्या दारात आला. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोहोचली होती.

"ये, दादा. तुझा दोष नव्हता म्हणे."

"भरण्यात नव्हता."

"मग कशात होता?"

तो आत गेला नाही. दारात उभं राहूनच त्यानं तिला सगळं सांगितलं: साडेपाच, पाच, चार. इंद्रदेव आत खाटेवर पडला होता, पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून. त्यालाही ऐकू जात असणार.

"एकदाच सांगितलंस?" कुंती म्हणाली.

"शेफ हसला. दुसऱ्यांदा सांगायचा कंटाळा आला."

"कंटाळा." ती तो शब्द उच्चारून थांबली. "आणि ह्यांना?"

उत्तरासाठी न थांबता ती आत गेली. थोड्या वेळानं ताट घेऊन आली आणि दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवलं. तो ओट्यावर बसून जेवला.

पुढची दोन-तीन वर्षं तो ओट्यावरच जेवत असे. कोणी त्याला आत बोलावलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. १९५८च्या चतुर्थीला ढोलकी लांबून आणलेल्या एका माणसानं वाजवली. देवराज फेरात होता, पण चाळ न बांधता. इंद्रदेव कडेला बाकावर बसून डाव्या हातानं मांडीवर ठेका धरत होता. गिरणीनं त्याला फाटकावर पहारेकरी ठेवलं होतं.

बदल एकच झाला, पण तो टिकला. दर शनिवारी तिर्बिन थांबलं की देवराज शेफपुढं जाऊन उभा राही आणि आकडा सांगे. सहा असली तरी. शेफ हात झटके, तर तो थांबून पुन्हा सांगे. मग खडूनं खांबावर लिही. मग माझ्या टेबलाशी येई, "भाऊ, सहा. लिहा." सगळे त्याला कंटाळले. नवीन शेफ आला, तोही कंटाळला. एकदा मीच म्हटलं, "अरे देवराज, सहा असली तर कशाला सांगतोस?" तो म्हणाला, "सहा असताना सांगितलं नाही तर चार असताना जीभ उचलत नाही." म्हातारपणाकडे झुकलेला, गुडघे दुखणारा माणूस. नको त्या पायऱ्या चढून नको त्या माणसांपुढं उभा राही. मला बघूनच दमायला होई.

मग एका शनिवारी, साठ साल असेल, मी कुंपणापलीकडून कुंतीचा आवाज ऐकला. देवराज ओट्यावर टेकत होता.

"किती?"

त्याला क्षणभर कळलं नाही. "सहा. आणि वर एक ओळ."

"सांगितलंस?"

"सांगितलं. दोनदा."

ती आत गेली, आणि आतूनच म्हणाली, "ताट आत वाढलंय."

त्यानंतर दर शनिवारी हाच सवाल. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. इंद्रदेवच्या हाताचा विषय त्या घरात दुसऱ्या कुठल्या रीतीनं निघाल्याचं मी ऐकलं नाही. फक्त "किती?" आणि "सांगितलंस?" सहा वर्षं.

देवराज निवृत्त झाला त्याच्या पुढच्या हंगामातला पहिला शनिवार मला आठवतो. दुपारची वेळ, गिरणीचा भोंगा झालेला, मी नुकताच घरी येऊन कुंपणाशी उभा. देवराज ओट्यावर बसून पाय चोळत होता. आतून सवयीनं आवाज आला, "किती?"

देवराज थांबला. "आता मी तिथं नाही, बाय. मला काय ठाऊक?"

"मग तिथं कोण मोजतो?"

"मोजत नसतील."

भांडी घासण्याचा आवाज बंद झाला. इंद्रदेव खुर्चीत बसून डाव्या हातानं विडी ओढत होता. त्यानं देवराजकडे बघितलं.

"अजून तिर्बिन धूतच असतील," कुंती म्हणाली. "जा की."

देवराजनं एक मोठा श्वास सोडला. गुडघ्यांवर हात टेकून उठला, चपला शोधल्या आणि गिरणीच्या वाटेला लागला. चढ लागला तिथून तो अगदी हळू चालत होता. ओठ हलताना दिसत होते. वाटेतच त्यानं पहिलं कडवं सुरू केलं असावं.